खडूची पावलं

“हात सोडा, सर.”

वर्ग सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. मी बायकोचं, शालनचं, उजवं कोपर धरून उभा होतो. सकाळचे सात वाजलेले, सांगलीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं सभागृह, पायाखाली थंडगार शहाबादी फरशी. आणि समोर जेमतेम पाच फूट उंचीची, चाळिशीही न गाठलेली एक बाई मला हात सोडायला सांगत होती. मला, शिंत्रे सरांना! चौतीस वर्षं हायस्कुलात पी. टी. शिकवलेल्या माणसाला!

“सोडला तर पडेल ती,” मी म्हणालो. “कंपवात आहे तिला. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलंय की.”

“वाचलीय मी चिठ्ठी,” आवटी मॅडम म्हणाल्या. “तुम्ही धरलंय तोवर आपलं वजन कुठल्या पायावर आहे, ते त्यांना कळणारच नाही.”

“मला कळतंय की.”

“तुम्हाला कळून त्यांना काय उपयोग?”

मागच्या ओळीत कुणीतरी फस्सकन हसलं. शालनही हसली, आणि ते मला जास्त लागलं. मी कोपर सोडलं. मनातल्या मनात म्हटलं, पडू दे एकदा, मग कळेल या बाईला. खरंच तसं म्हटलं होतं मी. शालन काही पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. सरळ चालताना ती ठीक असायची. वळायचं म्हटलं की पाय जमिनीला चिकटायचे, वरचं अंग पुढं जायचं आणि खालचं मागं राहायचं. एकदा ओट्याकडून फ्रीजकडं वळताना पडली, एकदा देवघरासमोर. औषधं वाढवून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ताई चीचा वर्ग लावा, तोल सावरायला मदत होईल. मी म्हटलं, कुठल्या ताईची? डॉक्टर हसले नाहीत. सांगलीतल्या प्रत्येक पेशंटनं तो विनोद त्यांना ऐकवला असणार.

वर्गात आम्ही बाराजण होतो. सगळ्यांत मोठे एक्याऐंशीचे. मॅडमनी पुण्याला सात वर्षं ही संथ चिनी कसरत शिकून घेतली होती. वडील न्हाणीघरात पडून गेले म्हणून त्या याकडं वळल्या, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. नवीन माणसाच्या पायाभोवती त्या खडूनं रेघ ओढायच्या आणि उठताना म्हणायच्या, “हे तुमचं घर.” मग एक पाय उचलून पुढच्या पावलात ठेवायचा, हळूहळू वजन तिकडं न्यायचं, ते पूर्ण गेलं की मागचा पाय उचलायचा. ढगांचे हात, बगळ्याचे पंख, घोड्याची आयाळ अशी एकेका हालचालीची नावं. एका बगळ्याला पंख पसरायला दीड मिनिट लागायचं. तेवढ्या वेळात माझ्या पोरांनी मैदानाला फेरी मारली असती. खडूच्या रेघा तेवढ्या मला पटल्या. मीही आयुष्यभर फक्कीनं मैदानं आखली होती. पण मी आखलेल्या रेघेत चारशे पोरं एकदम उभी राहायची आणि एकदम वळायची. चारशे टाचांचा एकच आवाज यायचा. तो आला नाही तर मी अख्ख्या शाळेला उन्हात पुन्हा वळायला लावायचो.

इथं सगळं उलटं. “एकदम वळायचं नाही,” मॅडम सांगायच्या. “आधी वजन येऊ द्या. ज्याचं आलं त्यानं वळावं. ज्याचं नाही आलं त्यानं थांबावं. थांबणं म्हणजे चुकणं नाही.”

मला ते बघवायचं नाही. दोघं वळलेत, तिघं अर्धवट, शालन अजून समोरच तोंड करून उभी. भाजीबाजारातली गर्दी बरी! माझ्या तोंडून “एक-दोन, एक-दोन” निघायचंच. शेजारच्या देशमाने काकांचा खांदा मी दोनदा सरळ केला. शालन डगमगली की माझा हात आपोआप तिच्या कोपराकडं जायचा. तिसऱ्या आठवड्यात मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, एक काम कराल? संगीताचं यंत्र तुम्ही सांभाळा. तुमच्याइतकं वेळेचं भान कुणाला नाही.”

मी काही दूधखुळा नव्हतो. वांड पोराला वर्गाबाहेर काढण्यापेक्षा मॉनिटर करावं, ही युक्ती मी स्वतः चौतीस वर्षं वापरली होती. पण शालन बघत होती म्हणून “हो” म्हणालो. तेव्हापासून मी भिंतीला लागून स्टुलावर बसायचो, बटण दाबायचो आणि आतल्या आत जळायचो.

आमच्या घराची रीत सांगायला हवी. लहान असताना मुलगा जेवायला शिट्टीवर यायचा. आणि लग्न झाल्या झाल्या एकदा बाजारात शालन भलत्याच बोळात शिरली, तेव्हा मी मागून मैदानातल्या आवाजात म्हटलं होतं, “शालन, पीछे मूड!” ती दचकून जागच्या जागी गर्रकन फिरली. दुकानदार हसले, तीही हसली. मग ती आमची गंमतच झाली. किल्ली विसरली, पीछे मूड. दूध उतू चाललंय, पीछे मूड. पुढं ती हसायची थांबली असेल, मी लक्ष दिलं नाही. वळायची मात्र न चुकता.

दोन महिन्यांत तिच्यात फरक पडला. हात थरथरायचाच, पण पाय ऐकायला लागले. संध्याकाळी ती सोप्यात सराव करायची आणि मी खुर्चीतून सूचना द्यायचो. एकदा ती मध्येच थांबली.

“अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या.”

“का?”

“असंच. अर्धा तास.”

अडतीस वर्षांत तिनं मला कधी बाहेर जा म्हटलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि फाटकापाशी उभा राहिलो. परत आलो तर ती घामेजलेली, खूश.

“संघाच्या वर्धापनदिनाला मॅडम आठजणांना घेणार आहेत. मीपण आहे.”

“मी शेजारी उभा राहतो.”

“नाही. मला एकटीनं करायचंय. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर कशाला? तुला बरं वाटतंय ना, झालं की.”

तिनं पाणी प्यायलं. पेला दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

“संक्रांतीला तुम्ही मला धरून हळदीकुंकवाला नेलंत,” ती म्हणाली. “आठवतंय? बायका तिळगूळ तुमच्या हातात देत होत्या. मी समोर उभी, आणि ‘यांना साखर चालते का’ म्हणून तुम्हाला विचारत होत्या. त्याच बायका येणार आहेत. त्यांना एकदा दिसू दे, मी अजून उभी आहे ते.”

मी म्हटलं, बरं. आतून मला ते आवडलं नव्हतं. मी धरलं होतं म्हणून ती उभी होती, असं मला वाटायचं. कुणी निदान तेवढं म्हणावं, अशी माझी अपेक्षा होती.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत संघाचे अध्यक्ष बिडकरसाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती, मागं त्याच हळदीकुंकवाच्या बायका. खाली फरशीवरच दोन ओळींत आठजण उभे राहिले. शालन पुढच्या ओळीत, माझ्या बाजूच्या टोकाला. मोरपंखी साडी पिनांनी नीट बसवलेली. मॅडम समोरच्या कोपऱ्यात. मी स्टुलावर. मी बटण दाबलं.

सुरुवातीला कुणी खोकलं, कुणी कुजबुजलं. मग सगळे शांत झाले. बगळ्याचे पंख झाले. ढगांचे हात झाले. शालनचा उजवा हात हवेतून जाताना थरथरत होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग वळण आलं. सगळ्यांनी मागच्या भिंतीकडं तोंड करायचं होतं. देशमाने काका वळले. मागचे दोघं वळले. एकेक करत सातहीजण वळले. शालन अजून समोरच बघत उभी. डोळे अर्धे मिटलेले, वजन डाव्या पायावर.

“अडकल्या वाटतं शिंत्रेबाई,” बिडकरांच्या सौ. म्हणाल्या. हळूच, पण मला ऐकू आलं.

मागं कुणीतरी चुकचुकलं. माझ्या कानशिलात रक्त चढलं. सात पाठी आणि एक तोंड! माझ्या बायकोनं ओळ बिघडवली होती. आज मला माहीत आहे, ती अडकली नव्हती. थांबली होती. मॅडमनी सांगितलं होतं तशी, वजन यायची वाट बघत. आणखी चार-पाच श्वासांचा प्रश्न होता.

मी स्टुलावरून पुढं वाकलो आणि दातांतून म्हणालो, “शालन, पीछे मूड.”

मोठ्यानं नाही. संगीत चालू होतं. पण आवाज तोच, मैदानातला.

ती फिरली. टाच आणि चवडा, मी शिकवायचो तशी, एका झटक्यात. वरचं अंग फिरलं, डावा पाय तिथंच राहिला. फरशीवर झालेला आवाज संगीताच्या वर ऐकू आला.

सगळे तिच्याकडं धावले. आवटी मॅडमही धावल्या, पण धावण्याआधी त्यांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या बाहेर बाकावर आवटी मॅडम शालनच्या चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बिडकरसाहेब संघाच्या दोन माणसांना घेऊन आले.

“काय झालं हो नेमकं, सर?” त्यांनी विचारलं. “चांगलं चाललं होतं की. आम्हाला काही कळलंच नाही.”

मी उभा राहिलो. छाती पुढं, हात मागं. सवयच ती.

“मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, हिला आधाराशिवाय उभं करू नका. डॉक्टरांची चिठ्ठी होती. यांनी ऐकलं नाही. मलाच बाजूला बसवलं. विचारा.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता. आजही ते वाक्य मला तोंडपाठ आहे, आणि कुठल्याही शिवीपेक्षा मला त्याची जास्त लाज वाटते.

“मॅडम?” बिडकर वळले. “तुमचं काय म्हणणं आहे?”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आता ही बोलणार, असं मला वाटलं. मी तयारच होतो. बोलली असती तर मी ओरडलो असतो, तिला खोटं पाडलं असतं. तेवढा माझा आवाज होता, आणि तेवढं माझं गावात नावही होतं. बिडकरांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली.

“शालनताईंना बरं वाटू दे आधी,” त्या म्हणाल्या. “माझं नंतर बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधं आणायला खाली गेलो होतो. वर येताना मॅडम जिन्यात भेटल्या. डोळे लाल होते. माझ्याशी न बोलता त्या उतरून गेल्या.

आठवड्याभरानं संघाच्या फळ्यावर सूचना लागली, ‘ताई ची वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद’. पुढची सूचना कधी आलीच नाही. ते दहाजण पुन्हा कॅरमला लागले. देशमाने काका मला म्हणाले, “चांगलं होतं हो, मास्तर. माझी कंबर थांबली होती.” मी म्हटलं, “हाडं मोडून घ्यायची का?” ते पुन्हा सोंगट्या लावायला लागले. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय.

शालन वॉकर घेऊन घरी आली. त्या दिवसाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मॅडम का येत नाहीत, वर्गाचं काय झालं, काहीच विचारलं नाही. मला वाटलं, पडण्याच्या धक्क्यात ती विसरली असेल. तेवढ्यावर मी जीव टांगून होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला खुर्चीतून उठवायला मी कोपराखाली हात घातला. ती उठेना.

“ऊठ की,” मी म्हणालो.

“हुकूम द्या.”

“काय?”

“हुकूम द्या. त्याशिवाय कशी उठू?”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. शाळेतलं पोर बघतं तशी सरळ समोर बघत होती.

मी घसा साफ केला. “शालन, ऊठ.”

ती उठली.

त्यानंतर चार वर्षं हेच. उठताना, बसताना, न्हाणीघराकडं वळताना ती थांबायची आणि समोर बघत म्हणायची, “हुकूम?” पाहुणे समजायचे, म्हाताराम्हातारीची थट्टामस्करी आहे. सूनबाई तर म्हणाली, “किती गोड आहात हो दोघं!” रोज दहा वेळा माझ्या काळजाला चरका बसायचा. रोज मी ठरवायचो, आज पाय धरायचे आणि सांगून टाकायचं, शालन, चुकलो. तोंड उघडायचो आणि हुकूम बाहेर पडायचा. मला दुसरं काही बोलताच यायचं नाही.

या चार वर्षांतली एक बारीक गोष्ट. स्वयंपाकघराच्या फरशीवर ओट्यापासून देवघरापर्यंत मला अधूनमधून खडूच्या फिकट रेघा दिसायच्या. मी कामवाल्या रखमाबाईवर खेकसलो, “ही फरशी पुसता की नाही?” तर शालन खुर्चीतून म्हणाली, “असू देत. पाट कुठं मांडायचे त्याच्या खुणा आहेत. मीच काढायला सांगितल्या.” रखमाबाई मान खाली घालून भांडी घासत राहिली. मी ओल्या फडक्यानं रेघा पुसून टाकायचो. आठवड्यात त्या पुन्हा यायच्या. मला घरात विस्कळीतपणा खपत नाही, म्हणून पुन्हा पुसायचो.

शेवटचे तीन महिने ती अंथरुणावरच होती. फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेली. हुकूमही मागता येईना, तेव्हा तिनं तो मागायचं थांबवलं.

तेरावं झाल्यावर आठवड्यानं आवटी मॅडम आल्या. केसांत पांढरं दिसत होतं. शालनच्या फोटोला हात जोडून त्या समोर बसल्या. मी चहा केला. मग मला राहवेना.

“माझ्यामुळं तुमचा वर्ग बंद पडला.”

त्या फोटोकडं बघत होत्या.

“त्या दिवशी ती आपणहून नाही वळली. मी सांगितलं होतं.”

“ऐकलं होतं मी,” मॅडम म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत बिडकरांना?”

“बोलणार होते. पण ऑपरेशनच्या सकाळी शालनताईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, ‘गावात त्यांना अजून सर म्हणतात. तेवढंच उरलंय त्यांच्याजवळ. ते राहू द्या. वर्गाचं काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही माझ्या घरी येत जा.’”

“घरी?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही संघात कॅरमला जायचात, अकरा ते एक. रखमाबाई दार उघडायची.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

“ओट्याजवळ पावलं काढून द्यायचे मी खडूनं,” मॅडम सांगत होत्या. “पहिलं वर्ष नुसतं वजन टाकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी वॉकर सोडला. ओट्यापासून देवघरापर्यंत जायच्या, वळायच्या, परत यायच्या. कुणाला न धरता. मी फक्त दारात उभी असायचे. शेवटच्या दिवाळीपर्यंत करत होत्या, सर.”

“माझ्यासमोर ती खुर्चीतूनसुद्धा उठायची नाही,” मी म्हणालो. “रोज हुकूम द्यायला लावायची. मला का नाही दाखवलं? एकदा तरी?”

मॅडमनी चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

“मी म्हटलं होतं त्यांना. सरांना बरं वाटेल, एकदा दाखवू या. तर म्हणाल्या, ‘नको. ते बघायला लागले की बोलतील. आणि ते बोलले की मी वळेन.’”

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. गुडघ्यांवर बसून ओट्यापासून देवघरापर्यंत फरशी पाहिली. काही नव्हतं. तेराव्याला माणसं येणार म्हणून मीच ती सोड्यानं घासून काढली होती.